जंगलाच्या नावावर किती मांडायचं?

झाडं ऑक्सिजन देतात, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण पानं आणखीही बरंच काही हवेत सोडतात: आयसोप्रीन, टर्पीन, मिथेनॉल अशी कार्बनी संयुगं. हे उत्सर्जन सगळ्यात जास्त होतं ते उष्ण कटिबंधातल्या जंगलांतून. ते मोजावं का, मोजलं तर कसं आणि त्या आकड्यावर हक्क कुणाचा, यावर पुढचा संवाद आहे. दोन्ही पात्रं कल्पित आहेत. एक वातावरणाच्या रसायनशास्त्राची संशोधक. तिला मोखाडा तालुक्यातल्या जंगलात मोजणी करायची आहे. दुसरे आश्रमशाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले गुरुजी, गावच्या वनहक्क समितीचे सदस्य. ग्रामसभेपुढे ठराव येण्याआधी दोघं बोलायला बसले आहेत.

गुरुजी : ताई, मोजायला येणाऱ्यांची आमच्याकडे कधी वाण पडली नाही. १९९२-९३ साली जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणानं पोरं दगावली. तेव्हापासून जव्हार-मोखाडा या दोन तालुक्यांतल्या लेकरांची वजनं, उंच्या, दंडघेर सगळं मोजून झालंय. त्या मोजणीनं एक झालं, कुपोषण नाहीच असं म्हणायची कुणाची छाती राहिली नाही. पण नाकारणं थांबलं म्हणून ताट भरलं असं नाही. आता झाडं मोजायला आलात. मोजून करणार काय?

संशोधक : करणार काय, त्याआधी केवढं आहे ते सांगते. जगातली झाडं मिळून वर्षाला सुमारे ५० कोटी टन आयसोप्रीन हवेत सोडतात. दलदली, भातशेती, गुरंढोरं, कोळसा आणि तेलाच्या खाणी अशा सगळ्या मार्गांनी हवेत जाणाऱ्या मिथेनच्या जवळपास जाणारा हा आकडा आहे. एवढी मोठी नोंद वातावरणाच्या हिशोबात अंदाजानं लावलेली असते, आणि तो अंदाज सगळ्यात कच्चा असतो तो आपल्यासारख्या जंगलांबाबत.

गुरुजी : आम्हाला अंदाज कशाला हवा? नाक आहे. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोह गळतो तेव्हा डोळे मिटूनही झाड सापडतं.

संशोधक : मोहाच्या त्या वासाचा अभ्यास पुण्यात झालाय. पुणे विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये मोहाच्या फुलात टू-अॅसिटिल-वन-पायरोलीन कसं तयार होतं ते दाखवलं. बासमतीला वास येतो तो याच संयुगामुळे. पण गुरुजी, नाकाला कळतं ते अगदी थोडं असतं. आयसोप्रीन जंगलात ज्या प्रमाणात असतं त्या प्रमाणात त्याचा वास येतच नाही. जे सगळ्यात जास्त निघतं तेच नाकाला कळत नाही. म्हणून तर पान ते सोडतं हे कळायला १९५७ साल उजाडावं लागलं. तेव्हाच्या सोव्हिएत जॉर्जियातल्या गिवी सानाद्झे यांनी ते दाखवून दिलं.

गुरुजी : सोडतं कशासाठी? झाड फुकट काही करत नाही, एवढं मी मुलांना शिकवलंय.

संशोधक : बऱ्याच अंशी उन्हासाठी. पान तापलं की प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडायला लागते. आयसोप्रीन बनवणारी पानं असा ताप जास्त सहन करतात, हे प्रयोगांत दिसलंय. त्यासाठी झाड हवेतून घेतलेल्या कार्बनचा टक्का-दोन टक्का खर्ची घालतं. ऊन आणि तापमान वाढेल तसं उत्सर्जन चढतं, साधारण ४० अंशांपर्यंत, आणि रात्री ते जवळजवळ थांबतं.

गुरुजी : म्हणजे ते झाडाचं औषध झालं. मग त्याला उत्सर्जन म्हणायचं आणि कारखान्याच्या धुराच्या रांगेत बसवायचं, हा कुठला न्याय? अमेरिकेत रोनाल्ड रेगन १९८० च्या निवडणुकीत हेच म्हणाले होते ना, की प्रदूषण मोटारींपेक्षा झाडंच जास्त करतात? उद्या तुमचा कागद घेऊन इथलाही एखादा कारखानदार उभा राहील.

संशोधक : रेगनच्या वाक्याचं पुढे काय झालं तेही ऐका. अमेरिकेत अटलांटा शहराभोवती झाडी दाट आहे. तिथे ओझोन कमी करायला सरकारनं वर्षानुवर्षं पेट्रोलच्या वाफा आणि सॉल्व्हंट यांच्यावर निर्बंध घातले, तरी ओझोन हटेना. १९८८ मध्ये विल्यम चामीडिस आणि सहकाऱ्यांनी झाडांचं आयसोप्रीन हिशोबात धरलं, तेव्हा कोडं सुटलं. कार्बनी वाफा झाडं मुबलक पुरवत होतीच, माणसाच्या वाफा कितीही घटवल्या तरी फरक पडणार नव्हता. आवरायला हवी होती ती मोटारी आणि वीजकेंद्रांतून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडं. १९९१ मध्ये तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या अहवालानंही याच बाजूला वजन टाकलं. झाडं मोजली म्हणून झाडं तोडली गेली नाहीत. बोट धुराड्याकडे वळलं, ते मोजणीमुळेच.

गुरुजी : हे रसायन जरा फोडून सांगा. गावात मलाच समजवायचंय.

संशोधक : आयसोप्रीन हवेत तासा-दोन तासांपेक्षा जास्त टिकत नाही. उन्हात त्याचं विघटन सुरू होतं. हवा स्वच्छ असेल, नायट्रोजनची ऑक्साइडं नगण्य असतील, तर त्यातून फारसा ओझोन होत नाही, उलट थोडा खर्चीच पडतो. तीच हवा महामार्गावरून, औष्णिक केंद्रावरून आली असेल तर मात्र या दोन्हींतून उन्हात ओझोन तयार होतो. वर आकाशातला ओझोन आपल्याला राखतो, पण जमिनीलगतचा फुप्फुसाला आणि पिकाला बाधतो. आपल्याकडे २००९ च्या मानकांनुसार त्याची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आहे.

गुरुजी : मग उत्तर तुम्हीच दिलंत. झाड एकटं निरुपद्रवी आहे, बिघाड धुराने होतो. तर मोजणी तिकडे करा. तारापूरची वसाहत आहे, डहाणूचं वीजकेंद्र आहे, मनोरवरून अहमदाबादचा हायवे जातो. जंगलात कशाला येता?

संशोधक : कारण धूर निघतो तिथेच ओझोन सगळ्यात जास्त होतो असं नाही. गाड्यांच्या गर्दीत तर ताजं नायट्रिक ऑक्साइड ओझोन खाऊन टाकतं. वारा ती हवा पुढे नेतो, वाटेत ऊन लागतं, झाडांची संयुगं मिसळतात आणि ओझोन वाढतो तो वारा जिकडे वाहतो तिकडच्या गावात. दुपारी समुद्रावरून येणारा वारा किनाऱ्याकडून घाटाकडे चढतो, हे तुम्ही रोज अनुभवता. त्या वाटेवर जव्हार आहे, मोखाडा आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या सचिन घुडे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हिशोब मांडला होता: २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशाचा सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ बुडाला. शहराच्या धुराची झळ शेतापर्यंत पोचते ती अशी.

गुरुजी : पाण्यासारखंच झालं म्हणायचं. मोखाड्यातल्या मध्य वैतरणेचं पाणी मुंबईला जातं, आमच्या बाया मे महिन्यात डोक्यावर हंडे घेऊन दरी उतरतात. आता हवेच्या वहीतही मुंबईचा खर्च आमच्या जंगलाच्या नावावर पडायचा.

संशोधक : पडू नये म्हणून तर मोजायचं.

गुरुजी : हे एवढं सरळ नाही. पण पुढे चला. उपग्रह आहेत, संगणकावरची प्रारूपं आहेत, जगाचे नकाशे आहेत. त्यात आमचं जंगल असेलच की.

संशोधक : आहे, पण कसं आहे ते बघा. उपग्रहाला आयसोप्रीन थेट दिसणं अवघड असतं. ते जमायला लागलं गेल्या काही वर्षांत. तोवर आयसोप्रीन विघटित झाल्यावर उरणारं फॉर्माल्डिहाइड बघून अंदाज बांधत होते. मेगान नावाचं प्रारूप जगभर वापरतात. त्यात पानांचं प्रमाण, ऊन, तापमान आणि त्या प्रकारच्या झाडीचा ठरलेला दर यांचा गुणाकार असतो. घोळ आहे तो या दरात. दिल्लीच्या जेएनयूमध्ये वार्ष्णेय आणि सिंह यांनी २००३ मध्ये ४० भारतीय वृक्षजातींची मोजणी प्रसिद्ध केली. त्यातल्या जवळपास निम्म्या जाती आयसोप्रीन जवळजवळ सोडतच नव्हत्या. उत्तरेकडची शिसम मात्र पानाच्या एका ग्रॅम सुक्या वजनामागे तासाला ८१.५ मायक्रोग्रॅम सोडत होती. एका झाडात आणि दुसऱ्यात इतकं अंतर असेल, तर 'उष्णकटिबंधीय पानझडी' असा एकच दर लावून काय हाती लागणार?

गुरुजी : आणि आमच्याकडे शिसव आहे. ती शिसमीची बहीण.

संशोधक : बहीण खरी, पण तेवढंच सोडेल असं धरता येत नाही. एकाच वंशातल्या दोन जातीही वेगळ्या वागतात. प्रत्येक जातीच्या फांदीवर पिशवी चढवल्याशिवाय उत्तर नाही.

गुरुजी : पिशवी?

संशोधक : पारदर्शक टेफ्लॉनची. फांदी त्यात घ्यायची, एका बाजूने शुद्ध केलेली हवा सोडायची, दुसऱ्या बाजूने बाहेर येणारी हवा शोषक भुकटी भरलेल्या पोलादी नळीतून ओढायची. नळी प्रयोगशाळेत तापवली की अडकलेली संयुगं सुटतात, मग त्यांचं पृथक्करण. शेवटी पानं वाळवून वजन करायचं. ही झाली फांदीची मोजणी. अख्ख्या जंगलाची करायची तर शेंड्यांच्या वर मनोरा उभारून, सेकंदाला दहा वेळा वारा आणि संयुगं टिपणारं यंत्र लावतात. अॅमेझॉनमध्ये त्यासाठी ३२५ मीटरचा मनोरा आहे. मोहालीच्या आयसर आणि अहमदाबादच्या पीआरएल या संशोधन संस्थांत अशा तऱ्हेची यंत्रं आहेत. पण एक यंत्र म्हणजे कोट्यवधींचा मामला, म्हणून मी सुरुवात पिशवीने करणार. मे महिन्यात, ऊन कडक असताना.

गुरुजी : मे महिन्यात पिशवी कशावर चढवणार? साग तेव्हा खराटा असतो. त्याला पानं येतात ती पावसाच्या तोंडावर. कुसुम चैत्रात लालबुंद पालवतो, ते बघून जंगल हिरवं आहे असं समजू नका.

संशोधक : कोवळी पालवी आयसोप्रीन फारसं सोडत नाहीच. पान जून व्हावं लागतं.

गुरुजी : मग तुमचा महिना ऑक्टोबर. पाऊस उघडलेला, आभाळ निवळलेलं, ऊन पाठ भाजतंय आणि एकूण एक झाड भरल्या पानांचं. शिवाय भात-नागली काढायला माणसं घरात असतात. दिवाळी झाली की घरांना कुलपं. माणसं वीटभट्ट्यांवर, रेतीवर निघून जातात. तेव्हा आलात तर झाडाचं नाव सांगायलाही कुणी भेटायचं नाही.

संशोधक : ऑक्टोबरचा मुद्दा प्रारूपाच्या अंगानंही बसतो. कडक ऊन आणि पुरी पानं एकत्र यायला हवीत, ती इथे तेव्हा येतात. जगाच्या नकाशात आपल्या पानझडीची ही तारीख चुकली तर वर्षाची बेरीजच चुकते.

गुरुजी : आणखी एक. तुमच्या पुस्तकातलं झाड आणि आमचं झाड एक नाही. इथला ऐन बघितलात? राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, दरवर्षी त्याची कवळ, पालेदार फांद्या, तोडतात. बुंधा म्हातारा आणि डोक्यावर फुटवे पोरवयाचे. त्याचा दर कुठल्या वहीत सापडेल?

संशोधक : कुठल्याच नाही. तोडलेली फांदी काही काळ वेगळीच संयुगं सोडते, गवत कापल्यावर वास येतो त्या जातीची. आणि नव्या फुटव्याचा दर जुन्या फांदीइतका असेलच असं नाही. छाटलेलं आणि न छाटलेलं, दोन्ही मोजावी लागतील.

गुरुजी : मग वैशाखात राब भाजतात त्या धुराचं काय? तुमचं यंत्र तोही पकडेल.

संशोधक : पकडेल. पण वेगळा काढता येतो. पाला-लाकूड जळतं तेव्हा अॅसिटोनायट्राइल निघतं, पानं ते सहसा सोडत नाहीत. हवेत ते वाढलेलं दिसलं की समजायचं, यात धूर मिसळलाय.

गुरुजी : बघा, हीच माझी भीती. आलात झाडं मोजायला आणि कागदावर येणार राब. पुढच्या वर्षी कुणी साहेब गावात येऊन म्हणणार, राब बंद करा, हवा बिघडते. दोन गुंठ्यांत पाला भाजणाऱ्या माणसाला दंड, आणि हायवेवर रात्रंदिवस धावणाऱ्या ट्रकांना रस्ता रुंद करून देणार. आकडा खरा असतो ताई, पण तो आधी उगारला जातो तो ज्याचा हात पोचत नाही त्याच्यावर.

संशोधक : याला माझ्याकडे रसायनशास्त्रातलं उत्तर नाही. एवढंच म्हणते की राबाचा धूर काही आठवड्यांचा असतो आणि हायवेचा बारमाही, हे दाखवायलाही आकडाच लागेल. तोंडी सांगून कुणी ऐकणार नाही.

गुरुजी : समजा दाखवलंत. मग दुसरं संकट. कुठलं झाड किती सोडतं त्याची यादी झाली, की कुणीतरी म्हणेल, कमी सोडणारी तेवढी लावा. आज रोपवाटिकेत साग, निलगिरी, अकेशिया. उद्या यादीवर बोट ठेवून आणखी एक जात. मोह, कुसुम, हेद यांना विचारणार कोण?

संशोधक : बोर्निओत नेमकं उलट दिसलं. २००८ मध्ये डानुम खोऱ्यात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी नैसर्गिक जंगल आणि शेजारचे पाम तेलाचे मळे, दोन्हींवर मोजणी केली. मळे जंगलापेक्षा कितीतरी जास्त आयसोप्रीन सोडत होते, खतं आणि कारखान्यांमुळे तिथे नायट्रोजनची ऑक्साइडंही जास्त होती. त्यांनी इशारा दिला की ही ऑक्साइडं वाढू दिली तर तिथला ओझोन धोक्याच्या पातळीला जाईल. एकाच जातीची लागवड हवेलाही कशी महाग पडते, याचा तो पुरावा झाला. निलगिरीही जोरदार सोडणाऱ्यांत मोडते.

गुरुजी : यादी तुमच्या बाजूची निघाली म्हणून तुम्ही खूश. मोह जास्त सोडणारा निघाला तर?

संशोधक : तर तसं लिहीन. पण त्याच पानावर हेही लिहीन की तो फुलं देतो, टोळंबीचं तेल देतो आणि स्वच्छ हवेत त्याचं उत्सर्जन कुणाला बाधत नाही. झाड निवडायचा निकष हा एकच असूच शकत नाही.

गुरुजी : तुम्ही लिहाल हो. वाचणारा अर्धंच वाचेल. बरं, या संयुगांचा काही उपकारही असेल की. पावसाशी संबंध आहे म्हणतात, ते खरं?

संशोधक : त्यांच्यापासून सूक्ष्म कण होतात, आणि ढगाचे थेंब कणांवरच जमतात. अॅमेझॉनवर गडगडाटी ढग रात्री आयसोप्रीन उंच उचलून नेतात आणि सकाळच्या उन्हात तिथे नवे कण तयार होतात, हे २०२४ च्या शेवटी प्रसिद्ध झालं. पण सह्याद्रीचा पाऊस मोसमी वारे आणि डोंगर आणतात. आयसोप्रीनमुळे जव्हारला पाऊस पडतो, असं सांगून मी ग्रामसभेची मतं मिळवणार नाही.

गुरुजी : हे बरं केलंत. तसं म्हणाला असतात तर मी इथेच उठलो असतो.

संशोधक : आता माझा खरा मुद्दा ऐका. डहाणूजवळच्या वाढवण बंदराचं भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झालं. बंदर चालू झालं की जहाजं, कंटेनरचे ट्रक, गोदामं, सगळं याच जिल्ह्यात. नायट्रोजनची ऑक्साइडं वाढणार, वारा तोच राहणार. तेव्हा तुम्ही म्हणाल की आमची हवा पूर्वी अशी नव्हती, आणि समोरचा विचारेल, पूर्वीचा आकडा दाखवा. कुपोषणाबद्दल तुम्हीच म्हणालात, मोजल्यावर नाकारणं थांबलं. हवेबाबत ते नाकारणं सुरू होण्याआधीच आपल्याला मोजता येईल.

गुरुजी : हा मुद्दा वजनदार आहे. तो पटला म्हणूनच माझी हरकत आणखी पक्की झाली. बंदराआधीचा आकडा हवा ना? मग तो हवेचा हवा, नुसत्या झाडाचा नाही. तुमच्या प्रस्तावात फांद्यांच्या पिशव्या आहेत. नायट्रोजनची ऑक्साइडं आणि ओझोन मोजणारं यंत्र वर्षभर गावात राहील, असं कुठे लिहिलंय?

संशोधक : महिनाभराची तरतूद आहे, वर्षाची नाही. पैसे तेवढेच मंजूर झालेत.

गुरुजी : म्हणजे झाडाचं माप पुरं आणि धुराचं अर्धमुर्धं. यातून जो कागद होईल त्यात जंगल ठळक दिसेल आणि ट्रक पुसट. २००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. राखायचं म्हणजे कुऱ्हाडीपासूनच नव्हे, अशा कागदापासूनही. माझ्या अटी लिहून घ्या. जातींची नावं गावातले जाणते सांगतील आणि त्याची नोंद होईल. छाटलेला ऐन आणि राबाचा धूर वेगळे मांडले जातील. निष्कर्ष छापण्याआधी मराठीतून ग्रामसभेत वाचला जाईल. आणि झाडाचा आकडा एकटा छापला जाणार नाही, त्याच्या शेजारी धुराचा आकडा असेल.

संशोधक : पहिल्या दोन अटी तर माझ्याच कामाच्या आहेत. तिसरीही मान्य. पण वाचून दाखवीन, परवानगी मागणार नाही. आकडा गावाला आवडला नाही म्हणून बदलणार नाही. चौथीत माझी अडचण आहे. धुराचा महिनाभराचा आकडा शेजारी ठेवीन. वर्षाचा मिळाला नाही म्हणून झाडांचा दाबून ठेवायचा, हे मला जमणार नाही. दाबलेला आकडाही शेवटी ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याच कामी येतो.

गुरुजी : आणि अर्धा छापलेला?

संशोधक : तोही येऊ शकतो. म्हणून तो अर्धा आहे हे पहिल्याच परिच्छेदात लिहीन.

गुरुजी : मग वाद एवढाच उरला. अर्ध्या हिशोबावर 'अर्धा' असं लिहिलं की पुरतं, असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, गावाने अर्ध्या हिशोबावर अंगठा देऊच नये. हा वाद आपण दोघांनी इथे मिटवण्यासारखा नाही. सप्टेंबरच्या ग्रामसभेत मांडा. मी विरोधात बोलेन. पण तुमचं पुरतं ऐकून घेतल्याशिवाय हात वर करू देणार नाही कुणाला.

संशोधक : आणि मंजुरी मिळाली तर?

गुरुजी : तर ऑक्टोबरात यायचं. ऐन कुठला तोडलेला आणि कुठला देवराईतला, ते दाखवायला मी येईन. ठराव हरलो म्हणून मोजणी चुकीची होऊ द्यायची, इतका मी हट्टी नाही.